टँकरच्या रांगेतलं दुखणं

मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक कोणत्या आवाजात बोलतं, त्यावरून निम्मा आजार कळतो. तापाची गोळी माणूस मोटारसायकलवरून न उतरताच ओरडून मागतो. शुगरची गोळी मागताना आवाजात थोडा रुबाब असतो; शुगर आता गल्लीबोळात झाली तरी तिचा मान काही गेलेला नाही. आणि खाजेचं औषध पाहिजे असलं की माणूस आधी दुकानावरून दोनदा नुसताच जातो. मग आत येतो, काउंटरवर बाई दिसली की साबणाची एक वडी घेतो आणि निघून जातो.

माझ्या काउंटरवर बाईच असायची, कारण ती बाई म्हणजे मी. त्यामुळं मुकुंदवाडीच्या पुरुषांनी माझ्याकडून कधी खाजेचं औषध घेतलं नाही. ते जुन्या शहरात, शहागंजला जायचे. आणि शहागंजचे पुरुष माझ्याकडं यायचे, "इधर से जा रहा था, सोचा ले लूँ" असं म्हणत. मुकुंदवाडीवरून कुणी सहज जात नाही हो. पण अनोळखी बाई चालते, ओळखीची नाही चालत. शहागंजच्या एका दुकानदाराशी केमिस्टांच्या मीटिंगमध्ये गाठ पडली तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचे मुकुंदवाडीवाले आहेत म्हणून माझा माल खपतो." मी म्हटलं, "आणि तुमचे आहेत म्हणून माझा."

हे आधी सांगितलं, कारण पुढची सगळी भानगड या लाजेतून झाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. वडील मालधक्क्यावर पोती उचलायचे. मी फार्मसीची डिग्री घेतली आणि स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान टाकलं, तेव्हा बोर्ड रंगवायला वडील स्वतः उभे राहिले. पेंटरला म्हणाले, "ते बी. फार्म. मोठं काढ." पेंटर म्हणाला, "बाबा, मग दुकानाचं नाव दिसायचं नाय." वडील म्हणाले, "नाव कुणीबी ठिवतं. ते खालचं दिसू दे." वर्षानुवर्षं लोक माझ्या दुकानाला 'बी. फार्म. मेडिकल'च म्हणत आले. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

दुकान टाकलं तेव्हा मागं ज्वारीची रानं होती. मग प्लॉट पडले, मग चार मजली इमारती उठल्या. प्रत्येकीच्या नावात रेसिडेन्सी नाहीतर पार्क. पार्कात झाड नाही आणि नळात पाणी नाही. शहर वाढत होतं आणि धरण आटत होतं. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर हेच पाहुणं माणूस होतं. सगळं जग त्याच्या वाटेला डोळे लावून बसलेलं.

आता जरा औषधाबद्दल. माझ्या दुकानातून सगळ्यांत जास्त जाणाऱ्या गोळ्यांत एक होती स्टॅटिन. लोक तिला 'कोलेस्ट्रॉलची गोळी' म्हणतात. रक्तातली चरबी ती कमी करते, हे सगळ्यांना ठाऊक. इतकं ठाऊक, की संक्रांतीला एक अक्का विचारायच्या, "पोळीवर तूप जरा जास्त झालंय, आज दोन घेऊ का?" मी म्हणायचे, "अक्का, गोळी आहे ती, भांडी घासायची पावडर नाही."

पण तिचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. रक्तवाहिनीच्या आतून चरबीचा जो थर धरतो तो काही नळातल्या गाळासारखा गप पडून राहत नाही. तो सुजतो, पिकल्या फोडासारखा होतो. फुटला की तिथं रक्ताची गाठ धरते आणि माणूस आडवा होतो. ही गोळी त्या फोडाची सूज उतरवते, साल घट्ट करते. म्हणून ज्याला एकदा अटॅक किंवा लकव्याचा झटका येऊन गेला, त्याचा रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर गोळी बंद करत नाहीत.

हे मी पाठककाकांना किती वेळा सांगितलं असेल! पाठककाका सिडकोतले, कोर्टातून रिटायर झालेले. वडील भिक्षुकी करायचे, काकांनी जन्मभर निकालांच्या नकला तपासल्या. त्यामुळं औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद अख्खा वाचणारं माझं हे एकमेव गिऱ्हाईक. एकदा सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, तासाभरात सरळ झालं, तेव्हापासून त्यांना ही गोळी होती. दर महिन्याला ते कागद घेऊन काउंटरवर हजर.

"मॅडम, कलम चार बघा. विस्मरण."

"काका, कलम चार तुमच्या लक्षात राहिलंय म्हणजे विस्मरण नाही."

"बरं. कलम सहा. शुगर वाढते. माझी वाढली आहे."

हे मात्र खरं होतं. ज्यांची शुगर आधीच काठावर असते, त्यांची ही गोळी थोडी वर सरकवते. मी म्हटलं, "वाढली, पण थोडी. रोज चालायला जा, खाली येईल. डोक्यात गाठ झाली तर ती चालून उतरत नाही."

"चालायला कंटाळा येतो हो. सरळ रस्त्यानं जायचं आणि परत त्याच रस्त्यानं यायचं. त्याला काही अर्थ आहे का?"

दुसरे एक साळवेमामा. माझ्या गल्लीतले, नात्यानं कुणी नाही, पण लहानपणापासून मामाच. वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. रिटायर व्हायच्या सुमारास अटॅक आला, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकली, तेव्हापासून त्यांनाही ही गोळी, चांगल्या मोठ्या डोसची. मामांचं खरं आयुष्य कारखान्यात नव्हतं, ते लेझमीत होतं. आमच्या गल्लीतल्या पोरींचं लेझीम पथक त्यांनी उभं केलं. आधी त्यांच्या लेकी, मग त्यांच्या लेकींच्या लेकी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हे पथक पुढं, आणि पथकाच्या पुढं गळ्यात शिट्टी अडकवलेले मामा, उलट्या पावली नाचत. एक चाल अशी होती की सगळ्यांनी ठेक्यावर खाली बसायचं आणि ठेक्यावरच उसळून उठायचं. त्या चालीला रस्त्यावरची माणसं शिट्ट्या मारायची.

त्या उन्हाळ्यात जयंतीच्या थोडं आधी मामा दुकानात आले आणि दुखण्याचं मलम मागितलं. यात नवल काही नव्हतं. तेव्हा अख्खा वॉर्ड मलम लावून हिंडत होता. टँकर यायचा, पाइप टाकायचा, हंडे भरायचे, चार मजले चढायचे. कुणाची कंबर, कुणाचे खांदे. दुकानातल्या बरण्यांपेक्षा मलमाच्या डब्या जास्त झाल्या होत्या. मामा म्हणाले, "मांड्या लई दुखतात गं. पाण्याचे हंडे." मी मलम दिलं. काही दिवसांनी परत आले, तेव्हा काउंटरला धरून उभे होते.

तिसऱ्या वेळेला मामी बरोबर होत्या. दुकानात गर्दी, त्यात पाठककाकाही आपला कागद घेऊन उभे.

"वंदना, ह्यांना काहीतरी जोराचं दे बाई," मामी म्हणाल्या. "जयंती आली तोंडावर. पोरी रोज विचारतात, मामा तालमीला कधी यायचे. ह्यांना तर खाटंवरून उठवंना."

"हंडे उचलून उचलून मांड्यांचे तुकडे पडलेत," मामा म्हणाले.

"कोणते हंडे?" मामींनी विचारलं.

मामांनी काउंटरवरची मलमाची डबी उचलून वाचायला घेतली.

"कोणते हंडे वो?" मामींनी कमरेवर हात ठेवला. "वंदना, ह्या माणसानं उन्हाळ्यात एक तांब्याबी उचलला नाय. टँकर आला की शिट्टी घेऊन टपावर जाऊन बसतात. 'ए, रांगंत! रांगंत!' पाणी मी वाहायचं आणि दुखायचं ह्यांचं!"

दुकान हसलं. मामाही हसले. "अगं, मॅनेजमेंटला ताण नसतो व्हय?"

मीही हसायला लागले आणि मधेच थांबले. हंडे उचललेच नाहीत, तर मांड्या कशानं दुखतात?

"मामी, खाली बसल्यावर उठता येतं का यांना?"

"कुठलं! संडासात नळाला धरून उठतात."

"दंड दुखतात?"

"केस विंचरायला हात वर जात नाय."

"आणि लघवी?"

"ए पोरी," मामा चिडले. "भर दुकानात काय इचारती?"

मामींनी मात्र सांगून टाकलं. "कोऱ्या चहावानी होतीय. पाणीच पीत नाय हा माणूस, टँकरचं हाय म्हणून."

दुष्काळानं आमच्या डोळ्यांवर कसं झापड टाकलं होतं बघा. मांड्या दुखतात, तर हंडे. लघवी गडद होते, तर पाणी कमी. प्रत्येक गोष्टीला टँकरचं कारण तयार. पण स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचे स्नायू असे दुखायला लागले, लघवी अशी झाली, तर त्याचा अर्थ कधी कधी असा असतो की स्नायू आतून विरघळायला लागलेत, आणि तो सगळा मैला मूत्रपिंडावर येऊन पडतोय. हे फार क्वचित होतं. हजारो माणसं ही गोळी वर्षानुवर्षं घेतात आणि त्यांना काही होत नाही. मामांनाही इतके दिवस काही झालं नव्हतं. मग आत्ताच का?

"मामा, दुसरी कोणती गोळी चालू केली का?"

"नाय."

फार पटकन म्हणाले. आणि म्हणताना त्यांचा हात नकळत कमरेपाशी गेला आणि तिथं खाजवून परत आला.

मी मामींना म्हटलं, "मामी, आत माठ आहे, जरा पाणी पिऊन या." त्या आत गेल्या. बाकीच्या गिऱ्हाइकांना जरा मागं सरकवलं आणि मामांच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "मामा, नायटा झालाय का?"

मामा पंख्याकडं बघायला लागले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अख्ख्या वॉर्डाला झालाय. आंघोळीला पाणी नाही, घामाचेच कपडे परत घालायचे. शहागंजवरून गोळ्या आणल्या ना?"

"तू आमच्या पोरीसारखी गं," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "तुझ्याम्होरं उभं राहून ह्ये मागू कसं?" आणि पायजम्याच्या आतल्या खिशातून त्यांनी घामानं मऊ झालेली पट्टी काढली. नायट्यावरच्या कॅप्सूल. महिनाभर घ्यायच्या.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. औषध पोटात गेलं की आपलं काम करतं, आणि मग यकृत त्याला मोडून बाहेर टाकतं. मामांची स्टॅटिन ज्या मोरीतून बाहेर जायची, त्याच मोरीत ही नायट्याची कॅप्सूल बोळा घालून बसते. म्हणजे मामा रोज एकच गोळी घेत होते, पण अंगात गोळ्यांचं तळं साचत होतं. हृदयाच्या डॉक्टरांना नायटा ठाऊक नाही. शहागंजला ज्या डॉक्टरांनी नायटा बघितला, त्यांना मामांनी हृदय सांगितलं नाही. शहागंजच्या दुकानदारानं हा माणूस आधी कधी पाहिलेला नाही. आणि मला, जिच्याकडं मामांची सगळी औषधं होती, तेवढी एकच गोळी कळू दिली नव्हती. चूक कुणा एकाची म्हणावी?

मी मामांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दोन्ही बंद. लगेच घेऊन या. बरं झालं फोन केलात."

रिक्षा मिळेना. पाठककाका पुढं झाले. "माझी गाडी आहे." मी शटर ओढलं आणि आम्ही निघालो. पाठककाका जालना रोडवर गाडी अशी चालवत होते की सायकली पुढं जात होत्या. मामी मागून म्हणाल्या, "काका, खाली उतरून ढकलू का?"

दवाखान्यात रक्त तपासलं. स्नायूंचा जो आकडा बघतात, तो इतका वर गेला होता की लॅबवाल्यांनी पुन्हा तपासून पाहिला. मूत्रपिंडं दमली होती, पण बंद पडली नव्हती. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती वाचली असती, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. उपाय एकच, पाणी. बाटलीवर बाटली सलाईन. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर मामा बाटलीकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या उन्हाळ्यात पहिल्यांदा रांग न लावता पाणी मिळालं बघ."

तेव्हा मला कळलं की मामा वाचले.

पण खरी अडचण पुढंच होती. पाठककाकांनी सगळ्या सिडकोला सांगितलं, "मी म्हणतच होतो, विष आहे ते." स्वतः गोळी बंद केली. आमच्या गल्लीत तर बोलायलाच नको. लोक उरलेल्या पट्ट्या परत करायला यायला लागले. मी एकेकाला थांबवून सांगत होते, गोळी वाईट नाही, दोन गोळ्या एकमेकींच्या आड आल्या. काहींनी ऐकलं. काही दुसरीकडं राहायला गेले, दुसऱ्या दुकानात जायला लागले, त्यांचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. ते मला अजून खातं.

आणि मामा. जयंतीला ते टेम्पोत खुर्चीवर बसून नुसती शिट्टी वाजवत होते. पोरी खाली बसून उसळायच्या चालीला मान वळवून त्यांच्याकडं बघत होत्या. पुढं आकडा उतरला, मूत्रपिंडं सुधारली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता स्टॅटिनच, पण दुसऱ्या जातीची, जी त्या मोरीतून फारशी जात नाही, आणि अगदी लहान डोस. नायट्याला फक्त लावायचं मलम. मामा म्हणाले, "नाय."

मामी माझ्याकडं येऊन रडल्या. "स्प्रिंग टाकलेली हाय त्यांच्यात. मला त्यांचं भ्याव वाटतं गं. सांग त्यांना."

मी सांगितलं. फोड, साल, सूज, सगळं सांगितलं. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं बरोबर हाय पोरी. पण मांड्या माझ्या हायेत."

एके संध्याकाळी मामा आणि पाठककाका दुकानात एकदम आले. मी पुन्हा ती मोरी आणि तो बोळा सांगत होते. मामांनी मला मधेच थांबवलं.

"म्हणजे आमच्या प्रेससारखंच की."

"कसं?"

"प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हात बटनांवर असले तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात मधी सापडत नाय. आमच्यात एक शहाणा होता, त्यानं एका बटनात काडी अडकवली, काम पटापट व्हावं म्हणून. बोटं गेली. तर सायबानं मशीन भंगारात घातलं का? नाय. काडी काढली आन् वर झाकण बसवलं. मशीन चांगलंच व्हतं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे माझी काडी शहागंजची."

पाठककाका म्हणाले, "पण कलम सहा—"

"ओ काका, तुमच्या तोंडाला वाकडं व्हायचंय का परत? बसून कलमं वाचणार कोण मग?" मामा म्हणाले. "असं करू. तुम्ही घेत असाल तर मी घेतो."

"माझी शुगर वाढते."

"चाला मग."

"कंटाळा येतो."

"लेझमीला या."

पाठककाकांनी माझ्याकडं बघितलं. मी दोघांच्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याकडं होत्याच, आणि डॉक्टरांना फोन करून मी पुन्हा विचारून घेतलं. मामांना एकच अट घातली: कुठल्याही दुखण्याची कुठलीही गोळी कुठूनही आणा, पण आधी मला दाखवा, लाज वाटली तर पाकिटात घालून पाठवा. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायला लागले, आणि पाकिटं खरंच यायला लागली. वर नाव नाही, आत पट्टी. शहागंजवाल्यांचा धंदा जरा बसला असेल.

पुढच्या जयंतीला मिरवणूक आमच्या दुकानासमोर आली. पुढं पोरी, मागं जरीच्या टोपीत पाठककाका, लेझीम छातीशी धरून. त्यांची शुगर काठाच्या आत आली होती, आणि ते ज्याला त्याला थांबवून सांगत होते की हा व्यायाम आहे, नाच नाही. मामांनी शिट्टी फुंकली, ती चाल आली. सगळे ठेक्यावर खाली बसले. मामाही बसले. माझ्या शेजारी मामींनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. ठेका पडला. मामा उठले, उसळून, पोरींच्या बरोबरीनं. पाठककाका एक ठेका उशिरा उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी धावत दुकानात आल्या. "वंदना, मांड्या दुखतात म्हणतात."

पुन्हा डॉक्टर, पुन्हा रक्त. संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा होता तिथंच, जागचा हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "या वयात एवढं नाचल्यावर दुखणारच. दोन दिवस आराम."

मामी दवाखान्यातून सरळ मिठाईच्या दुकानात गेल्या. त्या दिवशी गल्लीत घरोघरी, माझ्या काउंटरवर, अगदी टँकरच्या ड्रायव्हरलाही पेढा मिळाला. नवऱ्याच्या मांड्या दुखतात म्हणून पेढे वाटणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.